परब मॅडम बसत नसत

परब मॅडमचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो पाठीमागून. सरकारी वकिलाने कोर्टात लघुलेखकाच्या पाठीमागे जायचं काहीच कारण नसतं. वकिलाने टेबलाशी उभं राहून प्रश्न विचारायचा, पिंजऱ्यातल्या साक्षीदाराने उत्तर द्यायचं, न्यायाधीशसाहेबांनी ते नीट वाक्यात बांधून मला सांगायचं आणि मी टाइप करायचं, अशी ती साधी व्यवस्था. ती मी वर्षानुवर्षं मान खाली घालून पाळत आलो होतो. त्या दिवशी नव्या सरकारी वकील म्हणून ज्या बाई आल्या त्यांनी पहिला प्रश्न टेबलाशी विचारला, दुसरा खिडकीशी, तिसरा दारापाशी आणि चौथा थेट माझ्या खुर्चीमागून. मी दचकलो आणि एका ओळीत तीन चुका केल्या.

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. म्हटलं, मॅडम, एका जागी उभ्या राहाल तर बरं होईल, माझा एक कान आधीच कामातून गेला आहे. त्यांनी माझं नाव विचारलं. मी केळकर म्हणून सांगितलं.

"बरं. पुढे?"

"पुढे काय, मला ऐकू येत नाही."

"मग मी मोठ्याने बोलत जाईन," असं म्हणून त्या निघूनही गेल्या.

हे ‘पुढे?’ मी नंतर हजार वेळा ऐकलं. कुणी रडत आलं तरी पुढे, कुणी स्तुती केली तरी पुढे. त्यात तुसडेपणा नव्हता, घाई होती. समोरचा माणूस अजून मुद्द्यावर यायचा आहे आणि तो येईपर्यंत आपला वेळ चालला आहे, अशी त्यांची ठाम समजूत होती. दुसरं वाक्य असंच ठरलेलं होतं. साक्षीदार म्हणाला की आरोपी फार रागात होता, की मॅडम म्हणायच्या, "ते तुमचं मत झालं. दिसलं काय ते सांगा." मग साक्षीदार आठवून आठवून सांगायचा की त्याने स्टूल फेकलं, त्याच्या पायात चप्पल नव्हती. साहेब खूश व्हायचे. कोर्टाला मत नको असतं, स्टूल हवं असतं.

बुटक्या, काटकुळ्या, काळ्या कोटाच्या बाह्या दुमडलेल्या, केस रबरबँडने करकचून बांधलेले. चपला बाहेरच्या बाजूने झिजलेल्या, कारण वळणं फार घ्यायच्या. त्यांच्या खोलीत एक खुर्ची होती, पण तिच्यावर कायम फायली रचलेल्या असत. डबासुद्धा व्हरांड्याच्या खिडकीत उभ्यानेच. पोळीची गुंडाळी करून चार घासांत संपवायच्या आणि पाचव्या घासाला कुणाशी तरी बोलायला लागायच्या. वडील गिरणीत मागावर होते, कांदिवलीच्या चाळीत एका खोलीत सहा माणसं. मी एकदा माझा सिद्धांत मांडला की मॅडम, मागावर दिवसभर उभं राहावं लागतं, तेच तुमच्यात उतरलंय. त्या म्हणाल्या, "ते तुमचं मत झालं, केळकर." त्यानंतर मी सिद्धांत मांडणं बंद केलं.

त्यांची एक पद्धत मात्र आमच्या कोर्टात आधी कुणी पाहिली नव्हती. साक्षीच्या दिवशी सकाळी, साहेब यायच्या बऱ्याच आधी, त्या साक्षीदाराला रिकाम्या कोर्टात घेऊन यायच्या. बहुतेक साक्षीदार म्हणजे फेरीवाले, वॉचमन, धुणीभांडी करणाऱ्या बायका. त्यांनी कोर्ट आतून पाहिलेलं नसायचं. मॅडम त्यांना दाखवायच्या की इथे उभं राहायचं, हा पंखा आवाज करतो म्हणून मोठ्याने बोलायचं, हे केळकर टाइप करतात त्यांच्याकडे बघायचं नाही, ते काही मदत करणार नाहीत. मग त्या मागे जाऊन स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहायच्या.

"आता मला दाखवा," म्हणायच्या. "बोट नाही. बोट दाखवलं की माणूस घाबरत घाबरत दाखवतो. हात दाखवायचा. खांद्यापासून पूर्ण लांब. आणि साहेब लिहून घेईपर्यंत खाली आणायचा नाही."

आणि ती बिचारी माणसं सरकारी वकिलाकडेच हात करून उभी राहायची. बचाव पक्षाच्या एका वकिलाला हे कळलं तेव्हा त्याने साहेबांपुढे मोठा आक्षेप घेतला की साक्षीदार पढवले जातात. मॅडमनी उत्तर दिलं की मी उत्तर शिकवत नाही, उभं राहायला शिकवते. साहेबांनी आक्षेप फेटाळला. मी तो टाइप केला आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या बाईंचा अभिमान वाटला.

सुमन तांबे हे नाव माझ्या आयुष्यात असं सकाळच्या रिकाम्या कोर्टात आलं. कांदिवलीच्या मंडईत तिचा गाळा. कोकम, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, तांदळाचे पापड. पन्नाशीची, विधवा, नाकात मोठी मोरणी, बोलणं मालवणीकडे झुकलेलं. मंडईत उदय कोंडे नावाचा गुंड हप्ते घ्यायचा. उदयभाई म्हणायचे त्याला. शेजारच्या फळवाल्याने हप्ता द्यायला नकार दिला तेव्हा भरदुपारी उदयने त्याला लोखंडी सळईने मारलं आणि तो तिसऱ्या दिवशी गेला. पाहणारे खूप होते. पोलिसांनी साक्षीदार केले चार. तिघे कोर्टात फितूर झाले. एकाला त्या वेळी लघवीला लागली होती, दुसऱ्याला ऊन लागत होतं, तिसरा तर मंडईत फळवाला कधी होता हेच विसरला. राहिली सुमन.

तिच्या साक्षीच्या सकाळी मी लवकर येऊन कागद लावत होतो. ती पिंजऱ्यात उभी होती आणि हात लांब करायला तयार नव्हती. गळ्यातली माळ नुसती फिरवत होती. मॅडम आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आल्या, तिच्यापर्यंत गेल्या, परत मागे गेल्या, परत आल्या. मग म्हणाल्या, "सुमनताई, भीती कशाची वाटते? मत नको. काय होईल ते सांगा."

सुमनने सांगितलं की मी इथून गाळ्यावर जाणार, आणि त्याची माणसं तिथे येणार. मारणार नाहीत. नुसती उभी राहतील. मग गिऱ्हाईक येणार नाही, मग शेजारी बोलणार नाहीत, मग एक दिवस मीच गाळा सोडून गावाला जाईन. हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की मला तोपर्यंत ऐकलेल्या सगळ्या साक्षी फिक्या वाटल्या.

मॅडम येरझाऱ्या थांबवून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याचा एक माणूस जरी तुमच्या गाळ्यावर आला, तर मी येऊन तिथे बसेन. रोज. तो जाईपर्यंत."

"तुम्ही आणि बसतलात?" सुमन म्हणाली. "माका नाय वाटत."

मला हसू आलं, मॅडमनाही आलं. सुमनलाही आलं असावं, कारण तिने हात वर केला आणि मॅडमकडे पूर्ण लांब केला. दुपारी साहेबांसमोर तिने तोच हात उदय कोंडेकडे केला. उलटतपासणीत बचावाच्या वकिलाने तिला दीड तास झोडपलं. ती एकच वाक्य बोलत राहिली, "मी बघलंय तां सांगतंय." साहेबांनी मला सांगितलं: साक्षीदाराने आरोपीस ओळखले. हात किती वेळ वर होता ते नोंदीत येत नाही. मी सांगतो, माझी ओळ पूर्ण होऊन छापली जाईपर्यंत होता.

जन्मठेप झाली. निकालानंतर साक्षीदाराच्या घरी जायचं ही मॅडमची आणखी एक रीत, केस जिंकली तरी आणि हरली तरी. सुमनकडे जाताना त्यांनी मलाही ओढून नेलं. सुमनने स्टूल पुढे केलं. मॅडम उभ्यानेच सोलकढी प्यायल्या.

पुढच्याच वर्षी मी निवृत्त झालो आणि परब मॅडमनी सरकारी वकिली सोडली. पेपरांतून त्यांचं नाव गाजत होतंच, एका पक्षाने उमेदवारी देऊ केली. मी बोरिवलीत राहतो, त्यांचा मतदारसंघ जवळच, त्यामुळे फोन आला. पत्रव्यवहार साचलाय, दोन दिवस येऊन जा. त्या दोन दिवसांना आता कितीतरी वर्षं झाली.

निवडणुकीत त्यांना भाषण येत नसे. सभेत उभ्या राहून त्या लोकांनाच प्रश्न विचारायच्या. पाणी किती वाजता येतं, किती वाजता जातं, शेवटी कधी आलं. लोक उत्तरं द्यायचे आणि त्या पाठकोऱ्या कागदावर लिहून घ्यायच्या. कार्यकर्ते कपाळाला हात लावायचे. पण त्या निवडून आल्या, भरघोस मतांनी आल्या. त्यानंतरची पहिली काही वर्षं इतकी झकास होती की मला घरी बायको विचारायची, तुम्ही निवृत्त झालात की नोकरीला लागलात.

एकदा एका अभियंत्याला त्यांनी कार्यालयात बोलावलं होतं. नाल्याच्या तक्रारी होत्या. त्याने सांगितलं, नाला साफ झालाय. मॅडमनी विचारलं, तुम्ही पाहिलात? तो म्हणाला, रिपोर्ट आहे. त्या म्हणाल्या, रिपोर्ट मीपण पाहिला, नाला पाहिलात का? पाच मिनिटांत आम्ही सगळे नाल्याकडे चाललो होतो, पुढे मॅडम, मागे घामाघूम अभियंता, त्यामागे मी वही घेऊन. नाल्यात एक सोफा होता. चांगला तीन माणसांचा. मॅडम त्याला म्हणाल्या, "दिसलं काय ते केळकरांना सांगा, ते लिहून घेतील." त्याने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. दोन दिवसांत सोफा गेला.

दुसऱ्यांदा निवडून आल्यावर त्या बदलल्या असं लोक म्हणतात. ते लोकांचं मत झालं. मला दिसलं ते एवढंच, की त्या बसायला लागल्या. विधानसभेत बसावं लागतं. मंचावर तर बसण्याशिवाय दुसरं कामच नसतं. हार, शाल, नारळ, मग बसा. पहिल्या पहिल्या कार्यक्रमांत त्या दर दहा मिनिटांनी उठून मंचाच्या मागे चक्कर मारून यायच्या. मग उठणं कमी झालं. कार्यालयातल्या खुर्चीवरच्या फायली एक दिवस कपाटात गेल्या. मला ते आवडलं नव्हतं, पण वय झालं, गुडघे दुखत असतील, असं मी मनाशी म्हणालो. कुणीही असंच म्हणालं असतं.

त्या सुमाराला उदय कोंडे बाहेर आला. अपील वरच्या कोर्टात पडून होतं, जामीन मिळाला. तुरुंगातून आलेला माणूस वाळलेला असेल असं मला वाटलं होतं, तर तो अंगाने भरला होता आणि कपाळाला गंध लावत होता. महिन्याभरात मंडईच्या कोपऱ्यावर त्याचे फलक लागले. आता उदयभाई नव्हते, उदयदादा होते. आणखी दोन महिन्यांनी तो मॅडमच्याच पक्षात आला. स्वतः त्याला उभं राहता येणार नव्हतं, पण महापालिकेला बायको उभी राहणार होती, आणि त्या वॉर्डातली मतं त्याच्या खिशात होती. निर्णय वरून आला होता. वरून हेही आलं होतं की यंदा परब मॅडमचं मंत्रिपद नक्की, फक्त तोवर जरा सांभाळून घ्या.

त्याच दिवसांत सुमन कार्यालयात आली. केस पांढरे झाले होते, मोरणी तीच. मॅडम खुर्चीत होत्या. सुमनने सांगितलं की त्याची माणसं गाळ्यावर येतात.

"येतत, उभे रवतत, हसतत, जातत. बोलनत काय नाय." मग ती जरा थांबून म्हणाली, "तुम्ही बसाक येतलंय म्हणाला होतात."

मॅडम म्हणाल्या, मी वरिष्ठ निरीक्षकांशी बोलते. आणि लगेच तिच्यासमोर फोन लावला, बोलल्याही कडक. सुमन ऐकत राहिली. फोन संपल्यावर तिने मान हलवली, पिशवीतून कोकमाचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि गेली. मॅडमनी पाकिटाकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "कायद्याने तो अजून अपिलात आहे, केळकर. शिक्षा कायम झालेली नाही."

ते तुमचं मत झालं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी बोललो नाही. उलट पुढच्या आठवड्यात मंडईच्या नव्या शेडच्या उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका मीच टाइप केली. मंचावरच्या पाहुण्यांची नावं क्रमाने. मधोमध आमदार वासंती परब, त्यांच्या उजव्या हाताला उदयदादा कोंडे. जन्मभर मी दुसऱ्यांनी सांगितलेलं टाइप केलं, त्यात माझा काय दोष, असं म्हणत आलो. ती पत्रिका छापून आली तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या कामाची लाज वाटली.

उद्घाटन सकाळी होतं. नव्या पत्र्याचा आणि झेंडूचा वास, समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गाळेवाले. त्यांना यायलाच सांगितलं होतं. सुमन तिसऱ्या रांगेत होती. मी बाजूला खांबापाशी. निवेदकाने उदयदादांचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या, तो उठून हात जोडून पुन्हा बसला. टाळ्या थांबल्या आणि सुमन उभी राहिली.

तिने उजवा हात वर केला, खांद्यापासून पूर्ण लांब, मंचाकडे. बोट नाही, हात.

सुरुवातीला कुणाला काही कळलं नाही. निवेदक म्हणाला, मावशींना काही विचारायचंय, माईक द्या. एका कार्यकर्त्याने माईक नेला, तिने तो घेतला नाही. हात तसाच. मग मंडईतल्या जुन्या लोकांना कळलं आणि कुजबूज बंद झाली. उदय कोंडे हसत होता, मग हसायचा थांबला. मी मॅडमकडे पाहत होतो. मला वाटत होतं आता उठतील, आता उठतील. त्या दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून बसून होत्या. निवेदकाने घाईघाईने सनई लावली. शेजारच्या बायकांनी सुमनला धरून खाली बसवलं. मॅडमचं भाषण ठरलं होतं ते त्यांनी केलं, दोन-तीन मिनिटांचं, आणि त्यात एकही प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यालयात गेलो तर खुर्चीवर पुन्हा फायली होत्या आणि मॅडम खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. झोपलेल्या दिसत नव्हत्या.

"केळकर, काल हात कुणाकडे होता?"

मी म्हटलं, उदयकडे. आणखी कुणाकडे असणार?

"तुम्ही खांबापाशी होतात. तुम्हाला बाजूने दिसलं. मी समोर होते." त्या खिडकीशी थांबल्या. "त्या सकाळी तिने आधी माझ्याकडेच हात करून पाहिला होता. आठवतं? काल तसाच आला. सरळ."

मला अजूनही ठाऊक नाही. दोन खुर्च्या चिकटून होत्या, तिसऱ्या रांगेतून हात कुठे जातो ते कुणी मोजणार. नंतर मी सुमनला विचारलं तेव्हा तिने मला कोकम किती देऊ असं विचारलं.

मॅडम म्हणाल्या, लिहून घ्या. पक्षाध्यक्षांना पत्र. उदय कोंडे हा खुनाच्या खटल्यात दोषी ठरलेला इसम असून तो खटला मी चालवला आहे. तो पक्षात असेपर्यंत मी त्याच्यासोबत कोणत्याही मंचावर बसणार नाही, आणि त्याच्या पत्नीचा प्रचार करणार नाही. पत्राची प्रत वर्तमानपत्रांना. मी म्हटलं, मॅडम, मंत्रिपदाची वाट लागेल. शिवाय पुढचं तिकीट.

"पुढे?" त्या म्हणाल्या.

मी पत्र टाइप केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकही चूक झाली नाही. पत्र गेलं, आणि जे व्हायचं ते सगळं झालं. मंत्रिपद दुसऱ्याला गेलं, उदयची बायको निवडून आली, मॅडमचं पुढचं तिकीट कापलं गेलं. कार्यालयाची पाटी उतरली तेव्हा ती उतरवायला दोन कार्यकर्ते आणि मी एवढेच होतो.

पण पत्राच्याच दिवशी संध्याकाळी त्या मंडईत गेल्या. मी बरोबर होतो म्हणून सांगतो. सुमन गिऱ्हाइकाला मसाला मोजून देत होती. तिने पाहिलं आणि मोजणं थांबवलं नाही. मॅडम गाळ्यासमोर उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाल्या, "माझी चूक झाली, सुमनताई."

"उशीर केलात," सुमन म्हणाली.

तिने स्टूल दिलं नाही. मॅडमही तासभर उभ्या राहून परत आल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सुमनने पायानेच एक प्लास्टिकचा क्रेट उलटा करून पुढे सरकवला. परब मॅडम त्या क्रेटवर बसल्या.

आता रोज संध्याकाळी त्या तिथे असतात. दिवसभर कोर्टात, फिर्यादीच्या बाजूने खाजगी वकील म्हणून, संध्याकाळी गाळ्यावर. सुरुवातीला लोक बघायला यायचे, मोबाइलवर फोटो काढायचे, मग कंटाळले. उदयच्या माणसांनी काही दिवस समोर उभं राहून पाहिलं. मॅडम त्यातल्या एकेकाला नाव, पत्ता, इथे काय काम आहे हे विचारायच्या आणि पाठकोऱ्या कागदावर लिहून घ्यायच्या. संध्याकाळी ते यायचे थांबले. सुमन मात्र अजून पुरती विरघळलेली नाही. एकदा माझ्यादेखतच म्हणाली, "तां खरा. पण सकाळचा काय?" अपील अजून सुनावणीला आलेलं नाही. तो बाहेर आहे, बायको नगरसेविका आहे, सकाळी मॅडम कोर्टात असतात. हे मला रात्री झोपू देत नाही, आणि त्यांना देत असेल असं वाटत नाही.

परवा कोकम आणायच्या निमित्ताने मी गेलो होतो. मंडईत गर्दी होती. मॅडम क्रेटवर बसल्या होत्या, मांडीवर कुणाच्या तरी केसचे कागद, पदराला मसाल्याचा लाल डाग. केस पिकलेत, रबरबँड तसाच करकचून. मी विचारलं, कशा आहात.

"बसण्याचा फार कंटाळा येतो हो, केळकर," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मग अधूनमधून उठून एक चक्कर मारून यावी, मी थांबतो इथे. त्यांनी मंडईच्या दाराकडे पाहिलं. तिथे एक जीप येऊन थांबली होती. आतून कुणी उतरलं नाही, इंजिन चालू होतं.

"नको," म्हणाल्या. "बसेन म्हणाले होते."

सुमनने मला पाकीट दिलं. जीप थोडा वेळ थांबून निघून गेली. मी घरी यायला निघालो आणि मंडईच्या दारातून एकदा वळून पाहिलं. सुमन कुळथाचं पीठ चाळत होती. परब मॅडम बसल्या होत्या, ताठ, दाराकडे तोंड करून. उजवा पाय तेवढा सारखा हलत होता.